बिरू पैलवानाचे कान

आता हसू नका मंडळी, चहा सांडेल! माझ्या कलेपायी एका पैलवानाचं ठरत आलेलं लग्न मोडायला निघालं होतं.

सोलापुरात मी नुकतंच फोटोचं दुकान थाटलं होतं. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा; त्या काचेवर बारीक पेन्सिल आणि सुरी फिरवून देवीचे वण, सुरकुत्या घालवायची कला हातात होती. हातात कसली, अंगात आली होती!

अशात सांगोल्याकडचा बिरू पैलवान आला. काय तो देह! दारातून आत यायला तिरका झाला. आणि बोलताना लाजून चूर.

"मंगळवेढ्याला पोरीच्या बापाला फोटू धाडायचाय. लई कडक हाय म्हनं. जरा बरा काढा की!"

मी त्याला तलावाकाठी नेलं. एका गालावर कोवळं ऊन, दुसऱ्या गालावर उजेड फेकायला दोन काठ्यांना ताणलेलं माझं पांढरं धोतर. मान किंचित वळवली, छाती पुढे. "हलू नका," म्हटलं. एक माशी नाकावर बसली, मिशीवर फिरून आली, उडाली. पठ्ठ्या हलला नाही! असा माणूस पुन्हा नाही मिळायचा.

पण घरी काच धुऊन बघतो तर काय, कान! चुरगळलेले, गाठी आलेले. एवढ्या देखण्या गड्याला हे काय व्यंग? मोठ्या मायेनं मी खरवडून, रंगवून दोन्ही कान अगदी गोंडस केले. बिरूची कुस्ती तोंडावर आलेली, म्हणून फोटो परस्पर मीच टपालानं धाडला.

थोड्याच दिवसांत पोरीचा बाप दुकानात हजर. त्याचेही कान तसलेच!

"ह्यो पैलवान?" त्यानं फोटो आपटला. "तालमीच्या हौद्यात मातीला घासून घासून कान मोडत्यात. ज्याचं कान शाबूत, त्यानं मातीत पायच ठिवला न्हाय! असल्या थापाड्याला पोरगी देऊ व्हय?"

म्हणजे मी त्याचं पदकच खरवडलं होतं की!

धावत तालमीत गेलो, बिरूला सगळं सांगून ओढून आणलं. खरं सांगायचं तर त्यानंच मला काखेत मारून आणलं. म्हाताऱ्यानं त्याचे कान निवांत चाचपले. डोळे भरून आले त्याचे. "व्हय! ह्योच माझा जावई!"

आता बिरू मला चीत करणार, असं वाटलं. पण तो म्हणाला, "मामा, मास्तरांस्नी बोलू नगा. मायेनं केलंय त्यांनी. लग्नाचा फोटूबी त्येच काढनार!" काय मन हो त्या माणसाचं! मला रडूच फुटलं.

लग्नात मांडवाबाहेर अख्खी तालीम रांगेत उभी केली. ऊन साधलं, माना वळवल्या, फेटे सारखे केले. कॅमेऱ्याच्या भिंगावरच्या टोपीला हात घातला आणि म्हटलं, "हलू नका!"

त्यासरशी नवरदेवासकट सगळ्या पैलवानांनी दोन्ही हातांनी आपापले कान गच्च झाकून घेतले. आणि मधोमध बसलेला सासरा, स्वतःचे कान दाबून, ओरडला,

"आता खुशाल काढा, मास्तर!"