पुढच्या रांगेतली सात नावं

शकुनबाईला जात पाहणारी म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं. आणि नेमकं तेच रविवारी सकाळी दारूबंदी महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून आलं. मतदान मंगळवारी होतं.

गाव आंधळगावच्या पलीकडलं. अंगणवाडीसमोर देशी दारूचं परवान्याचं दुकान. ते बंद करायचं तर कायदा खाष्ट आहे. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी येऊन आडव्या बाटलीवर, म्हणजे 'दुकान बंद'वर, शिक्का मारावा लागतो. जी घरी बसली ती दुकानदाराची. यादीत आठशे बारा बाया, म्हणजे चारशे सात हव्यात. दीडशे बाया बौद्ध वस्तीतल्या. त्या घरी राहिल्या की पाच वर्षांची पायपीट मातीत.

पायपीट सुरू केली शकुनबाईनं. सातवी शिकलेली, दोन एकर धान, नवरा नाही, जिभेला धार. अंगणवाडीतली लेकरं रिकाम्या बाटल्या मांडून भातुकली खेळताना दिसली, त्या दिवशी ती उठली ती पुन्हा बसली नाही.

ग्रुपवर लिहिणारी दीपमाला. बौद्ध वस्तीतल्या मालनबाईची सून, बी.ए. झालेली. फेब्रुवारीतल्या धरण्यात रेटारेटी झाली आणि पोलिसांनी सात जणींवर गुन्हा नोंदवला. दीपमालानं ती सातही नावं एकाखाली एक टाकली होती. खाली लिहिलं होतं: "मंडळात एकशे दहा बाया. केस फक्त आमच्या वस्तीवर. मार खायले आमी पुढं, भात शिजवायले तुमी मागं. शकुनमावशी जात पाहून रांग लावतात."

शेजारची कलाबाई धावत आली. "काढून टाक तिले ग्रुपमधून. दुकानदारानंच शिकवलं असन."

शकुनबाईनं चप्पल घातली आणि वस्तीकडे निघाली.

मालनबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. 'बस' म्हणायची शकुनबाईनं वाट पाहिली नाही.

"तुई सून मले काय म्हणते, वाचलं का?"

"टाकायच्या आधीच वाचलं."

"अन् अडवलं नाई?"

"खोटं असतं तं अडवलं असतं."

"मालन, तीस वर्षं एका बांधीत धानाचा रोवणा लावला आपण. तुमी भीत नाई, तुमाले घोषणा येतात, म्हणून पुढं ठेवलं. मान होता तो."

दीपमाला दारातून म्हणाली, "मावशी, कोर्टाची तारीख सोळाले आहे. त्या मानातला थोडा तुमी पण घ्या."

"तू थांब वो," मालनबाई सुनेला म्हणाली. मग सूप बाजूला ठेवलं. "शकुन, पहिलं धरणं आठव. मी तांदूळ धुवायले बसली होती."

शकुनबाईला आठवलं. आठवायला वेळ लागला नाही, हेच वाईट. कलाबाई तेव्हा कानाशी लागून म्हणाली होती, हिनं हात लावला तर आमच्याकडच्या जेवणार नाहीत. पहिलाच दिवस, चाळीसच बाया. फुटल्या तर मंडळ जन्मायच्या आधीच मेलं. शकुनबाईनं मालनच्या हातातला गंज, तांदळाचं ते पातेलं, काढून घेतला आणि झेंडा दिला. 'हा तूच धर, तुयावाचून कोण धरन?' तेव्हापासून वस्ती पुढं, गंज मागं. नियम कोणी केला नाही, मोडलाही नाही. आणि 'मान, मान' असं इतक्या वेळा सांगून झालं होतं, की तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

"तुले तवाच समजलं होतं?"

"हात ओले होते माये. तांदळाचं पाणी झेंड्याच्या काठीले लागलं. मले नाई समजन तं कोणाले?"

"मंग पाच वर्षं काहून नाई बोलली?"

"दुकान बंद व्हावं म्हणून. तूही त्याच्यासाठीच गप्प राहिली ना?"

शकुनबाई ओट्यावर टेकली. "मंगळवारी येसान?"

"ते मले नको विचारू. वस्ती एकच विचारून राहिली, उद्या भात कोण शिजवते?"

सोमवारी शेवटची सभा आणि सगळ्यांचं जेवण होतं. मालननं शिजवलं तर कलाबाईकडच्या जाणार. नाही शिजवलं तर वस्ती घरी बसणार.

सोमवारी चूल पेटायच्या आधी शकुनबाई उभी राहिली. आवाज नेहमीसारखा चढला नाही. "पहिल्या दिवशी मी मालनच्या हातातून गंज घेतला. मले सांगितलं दुसऱ्यानं, पण हात माया होता. दीपमालानं लिहिलं ते खरं आहे. आज भात मालन शिजवते." आणि ती कांदे घेऊन बसली.

"बारीक काप," मालनबाई म्हणाली. "ढोरांले नाई घालाचं."

दोघीतिघी हसल्या. कलाबाई पदर सावरत उठली. "आमचा सोमवार आहे आज. उपास."

इतक्या वर्षांच्या सभांत कोणाचा सोमवार कधी आड आला नव्हता. त्या दिवशी तेवीस जणींचा निघाला. बाकीच्या जेवल्या. काही ताटाकडे पाहत, पण जेवल्या.

मंगळवारी बौद्ध वस्ती सकाळी सातलाच रांगेत. शकुनबाई दारोदार फिरली. कलाबाईच्या गल्लीत मात्र कड्या आतून लागलेल्या. संध्याकाळी मोजणी झाली. आडवी बाटली तीनशे शहाण्णव. अकरा कमी. दुकानासमोर फटाक्यांची लड लागली.

"पाहिलं?" कलाबाई दारातूनच म्हणाली. "तुया खरेपणानं दुकान वाचलं."

हिशेब बरोबर होता. आदल्या दिवशी शकुनबाई गप्प बसली असती तर वस्ती आली नसती, हाही हिशेब बरोबर होता, पण तो कलाबाईला ऐकायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. धरणं मी बोलावलं, माझं नाव लिहा, म्हणाली. असं नाव घालता येत नाही, साहेब म्हणाला. ती बाकावर बसून राहिली. दुपारी कंटाळून त्यानं तिचा जबाब लिहून घेतला. तो कागद घेऊन ती थेट मालनबाईकडे आली.

मालनबाईनं कागद सुनेकडे दिला. "वकिलाले दाखव." मग शकुनबाईला विचारलं, "नवा अर्ज करा लागन. सह्या कोणाच्या दारापासून?"

"कलाबाईच्या. मी एकटी जातो. तू नको येऊ, ती काई तरी बोलन तुले."

मालनबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "पुन्हा तूच ठरवून राहिली, मी कुठं उभी राहाची ते?"

मालनबाई चपला घालून फाटकाबाहेर पडली आणि कलाबाईच्या गल्लीकडे वळली.