शमुवेल काकांच्या खुर्चीची चौथी बाजू

"भैया, ये नस लगभग बंद है," सिविल लाइंसमधले हार्टचे डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. मी नुसता बघत राहिलो. पडद्यावर माझ्या हृदयाच्या नसा धुक्यातल्या झाडासारख्या दिसत होत्या, आणि एक फांदी मध्येच पुसून गेली होती. छान दिसतंय की, असंच मनात आलं. भीती नंतर आली.

या तपासणीला अँजिओग्राफी म्हणतात. मनगटातून बारीक नळी घालून नसांमध्ये रंग सोडतात, म्हणजे कुठे अडलंय ते दिसतं. दुखत नाही फारसं. घाबरू नका.

मी अविनाश. रांझीच्या फॅक्टरीत टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचा कामगार, वय बावन्न. देवाचं काम, देवाचं काम म्हणता म्हणता स्वतःच्या अंगाकडे न बघणारी जी चर्चमधली माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

आधी माझा शहाणपणा ऐका. मला सायकलचं भारी वेड. पहाटे उठून अधारतालपर्यंत जाऊन यायचो, मग ड्यूटी. सात वर्षांमागे लेंट आला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस. आमच्यात या दिवसांत आवडीची एखादी गोष्ट देवासाठी सोडतात. कोणी मटण सोडतं, कोणी चहा. मी सायकल सोडली! मटण नाही सोडलं हो. सायकल सोडली, आणि तेवढा वेळ बसून प्रार्थना करायची ठरवली.

ईस्टर आला, गेला. सायकल अंगणातच. प्रार्थना वाढली, बसणं वाढलं, पोटही वाढलं. रूथ, माझी बायको, म्हणायची, "अहो, चाळीस दिवस सोडायची होती, तुम्ही तर जन्माची सोडून राहिले." मी तिलाच विश्वासात कच्ची ठरवायचो. आणि दर रविवारी संडे स्कूलच्या पोरांना शिकवायचो, शरीर हे देवाचं मंदिर आहे. वा रे मास्तर!

आमच्या चर्चला नऊ उंच पायऱ्या आहेत. शमुवेल काकांचे पाय लकव्यात गेले, म्हणून दर रविवारी आम्ही चौघं त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेतो. उतार बांधायचं कमिटीत दरवर्षी ठरतं अन् दरवर्षी राहतं. मागची डावी बाजू माझी. त्या रविवारी सहाव्या पायरीवर छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं, हात जड पडला, घाम फुटला. खुर्ची कलली. काका पडता पडता वाचले. स्वतःचं सोडून त्यांनी माझंच मनगट धरलं. "काहून रे अविनाश, असा पांढरा काहून पडला?"

तिथून थेट दवाखाना, आणि तो पडदा.

त्याच दिवशी स्टेंट टाकला. ही बारीक जाळी असते, नस उघडी ठेवते. माणूस तेव्हा जागाच असतो. वर मोठा गोल दिवा, अंगावर हिरवी चादर, खोली थंडगार. कोणतंतरी औषध दिलं होतं. मला वाटलं, मी सायकलवर आहे. पायडल न मारता चाललोय. रस्ता दिसत नाही, सगळीकडे नुसतं पांढरं, आणि मागे कोणीतरी बसलंय. वळून बघायची हिंमत झाली नाही. पण ओझं जाणवत होतं, आणि ते बरं वाटत होतं.

शुद्धीवर नीट आलो तेव्हा पहिलं विचारलं, वजन उचलता येईल का? "अभी बिल्कुल नहीं. पहले टहलिए. तीन महीने बाद देखेंगे." मी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर.

आमच्या चर्चची तरुण मुलं पुण्या-बंगलोरला गेली. उरले ते माझ्याहून म्हातारे. चौथी बाजू धरायला कोणी नाही, म्हणून काका बाहेर लिंबाखाली बसून खिडकीतून उपासना ऐकायचे. मी आत बसलेला असायचो, अन् जीव तुटायचा. माझ्या आळसाची शिक्षा ते भोगत होते.

पहिल्या दिवशी कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चाललो आणि तिथेच बसून रडलो. लाज वाटली हो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पहाटेच्या धुक्यात विजेचे खांब एकेक करून पुढे यायचे. एका खांबाला एक नाव घ्यायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करायची, पुढे चालायचं. कधी कधी पाय आपोआप चालायचे आणि मी कुठे आहे तेच कळायचं नाही. प्रार्थना आता चालता चालताच करतो, हे पाळकसाहेबांना भीत भीत सांगितलं, तर ते हसले. "देवाला बसलेल्याचीच प्रार्थना ऐकू येते, असं कोणी म्हटलं तुला?"

तीन महिन्यांनी टीएमटी झाली. यात सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय कसं चाललंय ते बघतात. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "उठाइए अपने चाचाजी को. लेकिन आराम से."

रविवारी आम्ही चौघांनी खुर्ची धरली. एक, दोन, तीन... नऊ! दमही लागला नाही. खुर्ची एवढी हलकी लागली, की मी मनातल्या मनात फुगलो. व्वा रे गडी, काय ताकद आली!

वर टेकवल्यावर काकांच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "भैया, तुम्हीच समजवा बाबांना. तीन महिन्यांपासून एकच पोळी खाऊन राहिले. म्हणतात, अविनाश येईल तेव्हा त्याला जड नको जायला."

काका खाली बघत होते, चोरी पकडल्यासारखे. आत गाणं सुरू झालं होतं. मी त्यांच्या पायाशी बसलो, त्यांचे वाळलेले हात धरले.

"काका," म्हटलं, "आजपासून पोटभर जेवा. मी उचलतो."