अण्णांचा सत्कार आणि माझा आडवा पाय

स्वतःच्या वडिलांना भर सभेत पाय आडवा घालणारा मुलगा, अशी नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत माझी ओळख आहे. ती खरी आहे. साक्षीदार भरपूर आहेत आणि फोटोही आहे.

माझे वडील, अण्णा, पनवेल स्टँडवर कंट्रोलर होते. त्यांनी माइकवरून "अलिबागला जाणारी गाडी" एवढं म्हटलं, की पेणचे प्रवासीसुद्धा घाबरून उभे राहत. निवृत्तीनंतर त्यांना पार्किन्सन्स झाला. हात थरथरू लागला, आवाज बसला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चालता चालता पाय जमिनीला चिकटू लागले. दारात, वळणावर, आणि लोक बघत असले की मग तर हमखास! अंग पुढे जातं, पाय येत नाहीत आणि माणूस तोंडावर पडतो. अण्णा तसे पडलेही होते. तेव्हापासून घरात काहीही पडलं की अण्णाच पडले असं मला वाटे. वर्षाच्या हातून लाटणं निसटलं तरी मी धावत सुटे. (वर्षा म्हणजे माझी बायको. मी धावतो ते लाटण्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही नाही, हे तिने केव्हाच ओळखलं होतं.)

पनवेलमध्ये या आजाराचे व्यायाम घेणारं कुणी मिळेना. शेवटी पुण्याची डॉ. सायली नावाची फिजिओथेरपिस्ट लॅपटॉपवरून व्यायाम घ्यायला तयार झाली. फोर-जी नुकतंच आलं होतं आणि त्याच्या जोरावर देश महासत्ता होणार असं सगळे म्हणत होते. मला मात्र हा प्रकार टपालाने पोहायला शिकण्यासारखा वाटला. पहिला आठवडा तर सायलीला आमचा पंखाच दिसला.

"काका, पाय दिसत नाहीयेत!"

"मलाही सापडत नाहीत," अण्णा म्हणाले. "म्हणून तर तुला फोन केला."

पण पोरगी हुशार होती. तिने हॉलच्या फरशीवर पावलापावलाच्या अंतराने आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावायला सांगितल्या. समोर ओलांडायला रेघ दिसली की अडकलेले पाय सुटतात म्हणे! मी मनातल्या मनात हसलो. अण्णा मात्र पट्ट्या ओलांडत, डेपोतून धुऊन आलेल्या गाडीसारखे, थेट बाल्कनीत पोहोचले. सायलीने मला ताकीद दिली, "अडकले तर ओढायचं नाही, ढकलायचं नाही. फक्त ओलांडायला काहीतरी द्यायचं." मी मान डोलावली. (मान डोलावणं आणि लक्षात ठेवणं ही दोन वेगळी खाती आहेत.)

तेवढ्यात अण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली आणि सोसायटीचे सेक्रेटरी पाटकर यांना सत्काराची उबळ आली. पाटकरांना सत्कार करण्याचा आजारच आहे. त्यांनी एकदा पाण्याच्या नव्या पंपालाही हार घातला होता.

"स्टेजपर्यंत व्हीलचेअरची व्यवस्था करतो," पाटकर म्हणाले.

"चालत जाईन," अण्णा म्हणाले. "खुर्चीतून नेणार असाल तर सत्कार नको. आणि मग ते लॅपटॉपवालं नाटकही बंद. चार माणसांत चालता येत नसेल, तर बाल्कनीपर्यंत चालून काय कबुतरं मोजू?"

हे ते शांतपणे म्हणाले, म्हणूनच माझी झोप उडाली. व्यायाम बंद म्हणजे हळूहळू अंथरूणच, हे सायलीने मला बजावून सांगितलं होतं.

मी पाटकरांना गाठलं. "हॉलच्या दारापासून स्टेजपर्यंत आडव्या चिकटपट्ट्या लावू या."

"सत्काराला चिकटपट्ट्या? रस्त्याचं काम चालू आहे असं वाटेल हो!"

इथे माझ्यातला विचारवंत जागा झाला. "मग रांगोळीच्या रेषा काढा!" मी म्हणालो. स्वतःच्या हुशारीवर मी त्या दिवशी इतका खूश होतो, की वर्षाला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "रांगोळी? नक्की?" मी तिला मेंदूविज्ञान समजावून सांगितलं.

सत्काराच्या संध्याकाळी दार उघडलं आणि माझे डोळे पांढरे झाले. सोसायटीतल्या बायकांना नुसत्या रेषा ओक्याबोक्या वाटल्या होत्या. त्यांनी दोन्हीकडच्या खुर्च्यांमधली सगळी वाट भरून टाकली होती! कमळं, कलश, लक्ष्मीची पावलं आणि मधोमध रोडपालीच्या म्हात्रेकाकूंनी काढलेला मोर. रेषा कुठेतरी त्या मोराच्या पिसाऱ्याखाली असाव्यात.

अण्णा दारात थांबले. त्यांच्या पायात सायलीने सक्तीने घालायला लावलेले रबरी तळाचे बूट होते.

"लक्ष्मीच्या पावलांवर बूट ठेवू?" ते पुटपुटले. आणि चिकटले!

टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या वाढल्या तसे अण्णा पुढे झुकू लागले. पाय जागेवरच. मी घाबरून त्यांचा दंड धरला आणि ओढला. ते आणखी झुकले.

"ओढू नको रे!" वर्षा त्यांना सावरत ओरडली. "सायलीला लाव!"

मी थरथरत्या हाताने व्हिडिओ कॉल लावला. (तेव्हा बाप-लेकांत जास्त थरथर कुणाची, हे सांगणं कठीण होतं.) सायली बहुधा फोडणी देत होती. आवाज ऐकू येईना, म्हणून पाटकरांनी तत्परतेने कॅमेरा आमच्याकडे करून फोनला माइक लावला आणि सबंध हॉलमध्ये घुमलं, "त्यांच्यासमोर तुमचा पाय आडवा घाला!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टर हाय का कोन हाय ही?" म्हात्रेकाकू म्हणाल्या. मग पदर खोचून पुढे आल्या आणि बसकण मारून दोन्ही हातांनी लक्ष्मीची पावलं आणि स्वतःचा मोर पुसू लागल्या. "अण्णा, तुमी चला. मोराचा काय, उद्या परत काढीन. तुमाला खाली पारलं तर नवीन कुठून आनू?"

वाट मोकळी झाली. मी पाय आडवा घातला. अण्णांनी खाली पाहिलं, बूट उचलला आणि ओलांडला! मी पुढे सरकून पुन्हा पाय घातला. पुन्हा ओलांडला! खेकड्यासारखा तिरका चालत मी पाय घालतोय आणि माझा बाप तो ओलांडत येतोय. मागून आलेले पाहुणे विचारत होते, "मुलगा असं का करतोय? इस्टेटीचं काही आहे का?"

स्टेज हाताशी आलं आणि पुसलेल्या रांगोळीच्या भुकटीवरून माझे नवे, गुळगुळीत तळाचे बूट सटकले. मी सपशेल आडवा झालो! रात्रंदिवस अण्णांच्या पडण्याची धास्ती घेतलेला मी, त्यांच्याच पायांसमोर पसरलो होतो. ते आता माझ्यावर कोसळणार म्हणून मी डोळे मिटले.

"मोठं पाऊल, काका!" माइकमधून सायली.

एक रबरी बूट माझ्या पोटावरून गेला. मग दुसरा. डोळे उघडले तेव्हा अण्णा स्टेजवर उभे होते आणि माइक ओढून घेऊन, कित्येक महिन्यांत न ऐकलेल्या आवाजात म्हणत होते, "फलाटावर कृपया आडवे पडू नये!"

माझा घोटा मुरगळला. आता लॅपटॉपसमोर आम्ही दोघं असतो आणि कॅमेरा अण्णा धरतात. "याचा पाय दिसत नाहीये, डॉक्टर," अशी तक्रार ते उत्साहाने करतात. सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यायाम एकदाही चुकवलेला नाही.

सत्काराचा फोटो पाटकरांनी मोठा करून सोसायटीच्या ऑफिसात लावला आहे. अण्णांचा पाय हवेत, मान ताठ, आणि खाली पाटकरांच्याच शब्दांत ओळ: "मार्गातील प्रत्येक अडथळा ओलांडून पुढे जाणारे व्यक्तिमत्त्व."

अडथळा फोटोत नीट आला आहे. फक्त त्याचे डोळे मिटलेले आहेत.