मुक्कामाची यादी

मला कोणी मूर्ख म्हटलं तर मी चार शब्द जास्तीचे परत करते, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

मागच्या थंडीत आमच्या गावात शांती आणि सामाजिक न्यायाचा मेळावा झाला, दोन दिवसांचा. भंडारा, गडचिरोली, राज्याच्या सीमेपलीकडून बालाघाट, राजनांदगाव, सगळीकडून शंभरेक माणसं येणार होती. शाळेत सतरंज्या टाकू, असं सगळे म्हणून राहिले होते. तेव्हा माझी मैत्रीण उठली. ती शेजारच्या गावची अंगणवाडी सेविका, बौद्ध घरची. मी इथली निवृत्त शिक्षिका, कोहळी शेतकऱ्यांच्या घरची. दारूबंदीपासून वनहक्कापर्यंत वीस वर्षांत असा एक मोर्चा नाही, ज्याला आम्ही दोघी एकाच गाडीवर गेलो नाही. ती म्हणाली, भाषणं पुष्कळ झाली, आता माणसं एकमेकांच्या घरी निजली पाहिजेत. पाहुणे घरोघरी ठेवू.

कमिटीतले लोक नाकं मुरडून राहिले. भानगडी होतील, म्हणाले. ती महिनाभर भांडली. हे फसलं तर पुन्हा मले कोणी तोंड उघडू देणार नाही, असं ती मला कोहमाऱ्याच्या स्टँडवर चहा पिताना म्हणाली होती. मी तिची पाठ थोपटली आणि म्हटलं, यादी माझ्याकडे दे, पाहा कशी करते.

आणि केली ना! तासाभरात केली. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, नाटकं होतात, तेव्हा प्रत्येक घर पाहुण्यांनी भरून जातं. कोणाला कोणाकडे उतरवायचं हे मी लहानपणापासून पाहत आले. त्यात या गावची तीस वर्षांतली लेकरं माझ्या हाताखालून गेलेली. पाहुण्याचं आडनाव वाचलं, गाव वाचलं, की घर डोळ्यांसमोर यायचं. या म्हातारीला पायऱ्या नकोत, त्या घरी. ही छत्तीसगढी बोलणारी, त्या घरची सून तिकडचीच, तिकडे. पहिल्या संध्याकाळी पाहुणे आपापल्या घरी गेले आणि एकाचीही कुरकूर आली नाही. कमिटीचे अध्यक्ष स्वतः येऊन म्हणाले, मॅडम, मान गये. मी फुगले. कोणीही फुगलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात पहिलंच सत्र होतं, रात्री दुसऱ्याच्या घरी काय नवं पाहिलं ते सांगायचं. माईक मैत्रिणीच्या हातात. बालाघाटची एक पोवार बाई उठली. हसत हसत हिंदीत सांगू लागली की घरमालकीण तिच्या मावशीची नणंदच निघाली, रात्रभर लग्नांच्याच गोष्टी झाल्या. मंडप हसला. मीही हसले. मग गडचिरोलीचे एक काका उठले. त्यांच्या यजमानांचं आणि त्यांचं देवांच्या संख्येवरून ठरणारं कूळ एकच निघालं, सात देवांचे गोंड दोघंही, म्हणजे भाऊभाऊच. पुन्हा हसू, पण थोडं कमी. तिसरी म्हणाली, अगदी घरच्यासारखं वाटलं, आमच्यासारखीच भाजी, आमच्यासारखीच पूजा. चौथीलाही नातं सापडलं. पाचवा उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि परत बसला.

मैत्रिणीनं माईक तोंडाशी नेला. मग तिनं हळूच विचारलं, "काल रात्री दुसऱ्या जातीच्या घरी जे निजले, त्यायनं हात वर करा."

शंभर माणसांत एक हात वर झाला नाही.  यादी कोणी केली हे तिनं विचारलं नाही. तिला ठाऊकच होतं.

बाप्पा! पर्समधून यादी काढली. माझंच सुंदर अक्षर. पोवारांकडे पोवार, गोंडांकडे गोंड, बौद्ध मोहल्ल्यात बौद्ध, कोहळ्यांकडे कोहळी. गावातल्या पक्क्या जात पाळणाऱ्या माणसाला यादी करायला बसवलं असतं तरी त्याची एखादी चूक झाली असती. माझी एकही नाही. आणि आई शपथ सांगते, जात हा शब्द मनात आला नव्हता. मी फक्त कोण कुठं सुखानं राहील एवढंच पाहत होते. तीस वर्षं वर्गात समता शिकवणारी बाई मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय म्हणणार?

सत्र कसंबसं संपलं. अध्यक्ष कोणाला तरी म्हणून राहिले होते, मी आधीच सांगितलं होतं, हे घरोघरीचं खूळ कायले पाहिजे होतं. म्हणजे फजिती माझी आणि पाणी पडलं तिच्या महिनाभराच्या भांडणावर. मी मंडपामागे तिला गाठलं. म्हटलं, मी मुद्दाम नाही केलं.

"मले माहीत आहे वो. मुद्दाम केलं असतं तर भांडलो असतो," ती म्हणाली. "मले कोणाच्या घरी टाकलं होतं तू?"

मी यादीत पाहिलं. बौद्ध मोहल्ला, तिसरं घर. माझं घर मंडपापासून शंभर पावलांवर, आणि वीस वर्षांची माझी मैत्रीण मी गावाच्या दुसऱ्या टोकाला टाकली होती. तिला रात्रीच कळलं होतं. सकाळपर्यंत तिनं वाट पाहिली, की निदान बाकीच्यांचं तरी वेगळं असेल.

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी घाई करते. म्हटलं, आज दुसरी रात्र आहे, यादी फाडू, चिठ्ठ्या टाकू, मी माईकवर माफी मागते. आणि तू कुठं जायचं नाही, आज माझ्या घरी. ती हो म्हणाली. मी तिथंच सुनेला फोन लावला. सांगितलं की माझी मैत्रीण आज मुक्कामाला आहे, बिछाना टाकून ठेव. सुनेनं साधंच विचारलं, "आई, टाकू कुठं?"

"सपरीत," मी म्हटलं.

आमच्या घराची सपरी म्हणजे समोरची उघडी पडवी. तिथं धानाची पोती राहतात आणि ज्यांना आत घेत नाहीत ती माणसं बसतात. आत दोन खोल्या रिकाम्या होत्या.

माझाच शब्द माझ्या कानावर पडला. लगेच म्हटलं, नाही नाही, आत, माझ्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारी. सून बरं म्हणाली. पण मैत्रीण हातभर अंतरावर उभी होती.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. फक्त म्हणाली, "आज नाही येत. ज्या दिवशी तुया तोंडातून पहिलाच शब्द 'आत' निंगते, त्या दिवशी सांग."

चिठ्ठ्या टाकल्या. बरीच माणसं गेलीही दुसऱ्या जातीच्या घरी, सकाळी हसत परत आली. तिची चिठ्ठी एका गोंड घरी निघाली. त्यानंतर आमचे दोन मोर्चे झाले, ती माझ्या गाडीवर मागेच बसते, आम्ही सगळं बोलतो. घरी राहायला ये, एवढं मात्र मी अजून म्हटलेलं नाही. सुनेनं पुन्हा विचारलं, तर माझ्या तोंडातून आधी काय निघेल याची मला खात्री नाही.