वाघाची पेटी

आमच्या गावच्या बाया जिला 'वाघाची पेटी' म्हणतात ती मुळात चर्चमधल्या एका जुन्या गीताची चाल आहे. लूथरन मिशनच्या रेडिओ केंद्रावर ती पहाटे लागते. शब्द नाहीत, नुसती बाजाची पेटी. सामुदायिक रेडिओवर धर्मप्रचार करायचा नाही असा नियम, म्हणून केंद्र काढणाऱ्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी स्वतः पेटीपुढे बसून ती चाल वाजवली आणि रेकॉर्ड करून ठेवली.

केंद्र निघालं तेव्हा गावात कुजबूज होती की आता हे सगळ्यांना किरिस्ताव करणार. माझा बाप तलावात जाळं टाकणारा ढिवर माणूस. मला तिथे निवेदिकेची नोकरी लागली तेव्हा त्याने माझ्याशी अबोला धरला. पुढे मासोळीचे भाव त्याच रेडिओवर यायला लागले, तसा तो बोलायला लागला.

सुरुवातीला केंद्र ऊन वर आल्यावर लागायचं. मग एका मोहाच्या हंगामात बाया मिशनच्या बंगल्यावर आल्या. मोहफुलं पहाटे गळतात आणि ज्याने त्याने आपापल्या झाडाखाली वेचायची असतात. झाडं एकमेकांपासून लांब. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून सतत आवाज करावा लागतो. पण हाका तरी किती वेळ मारणार? त्या दिवशी पुढे होऊन बोलली ती माझी आईच.

"साहेब, तुमचा रेडिओ अंधारातच लावा न. आमी फांदीले टांगून ठेवू. वाघाले वाटन, मानसं आहेत."

पाळकसाहेब हसले आणि लगेच वेळ बदलली. ब्रह्मपुरीच्या बाजारातून घरोघरी छोटे रेडिओ आले. मोहाच्या दिवसांत जंगलाच्या कडेने गेलं की झाडाझाडाखालून पेटी ऐकू यायची. आमच्या केंद्राचा इतिहास कोणी लिहिलाच तर परवाना, मनोरा, उद्घाटनाला आलेले पाहुणे हे सगळं त्यात येईल. माझ्या लेखी केंद्र खरं सुरू झालं ते त्या पहाटे.

म्हातारे पाळकसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी पुण्याकडचे एक तरुण पाळक आले. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. त्या वर्षी गुड फ्रायडे मोहाच्या ऐन भरात आला. आम्हाला सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी पेटी संगणकावरून आपोआप लागते, त्यामुळे मी निर्धास्त होते. आई टोपली आणि रेडिओ घेऊन अंधारातच निघून गेली. नाल्याकडे पिल्लांची वाघीण फिरते आहे, असं वनरक्षक आदल्या दिवशी सांगून गेला होता.

"पेटी आहे न संग," एवढंच आई म्हणाली.

मी चूल पेटवली, सवयीने घरचा रेडिओ लावला. नुसती खरखर. सेल बदलले, तार हलवली. तरी खरखरच. म्हणजे बिघाड माझ्या रेडिओत नव्हता. इथे खरखर तर जंगलातही खरखरच. आईकडे फोन नाही, आणि असता तरी नाल्याकडे रेंज नाही. मी चूल तशीच टाकून गाडी काढली आणि बंगल्याकडे सुटले.

बंगल्याशेजारच्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब अनवाणी उभे होते, वेदीवर काळं कापड अंथरत. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"साहेब, केंद्र बंद आहे."

"मीच बंद केलं, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "आज प्रभूच्या मरणाचा दिवस. आज आपण घंटासुद्धा वाजवत नाही."

मला इतका राग आला की देवाच्या घरात उभी आहे याचंही भान राहिलं नाही. "साहेब, जंगलात बाया आहेत. माही माय आहे. ते पेटी तुमच्या देवासाठी नाई वाजत, वाघासाठी वाजते."

त्यांना काही कळेना. त्यांना हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, एवढी गोष्ट जगाला ठाऊक असणार. मी धापा टाकत सांगत गेले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. मग हातातलं कापड तिथेच टाकून ते केंद्राच्या दिशेने धावले, तसेच अनवाणी.

कुलूप उघडलं, प्रक्षेपणयंत्र चालू केलं. संगणक काही केल्या उठेना. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. बाहेर उजाडत होतं, म्हणजे बाया झाडांखाली वाकून वेचण्याची हीच वेळ. पाळकसाहेबांनी माईक माझ्यापुढे सरकवला.

"पेटी राहू द्या. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नका."

मी बोलले. "बायाहो, उभ्या राहा. खाली बसू नका. रेडिओ बिघडला नाई." त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. घरी माझ्या तोंडाला सगळे वैतागलेले असतात, पण त्या पहाटे शब्दच पुरेनात. अडखळले की पाळकसाहेब दुसऱ्या माईकवरून विचारायचे, "ताई, मोहफुलं वाळवतात कशी? जाळं विणायला सूत कोणतं लागतं?" त्यांचाही आवाज कापत होता. संगणक केव्हाच सुरू झाला होता, पण पेटी लावायचं आम्हा दोघांना सुचलंच नाही.

ऊन चढल्यावर बाया परतल्या. आई सगळ्यांच्या मागे होती. टोपली अर्धीच भरलेली. ती अंगणात बसली, पाणी प्याली आणि मग बोलली.

"पेटी लागली नाई तं मले वाटलं, सेल गेले. खाली बसून सेल काढले, पदराले पुसले, परत टाकले. साऱ्याच बाया तेच करत होत्या, जिले तिले वाटे आपलाच रेडिओ बिघडला. मान वर केली तं वाघीण समोर. मांगं पिल्लं. मले उठताच येईना."

"मंग?"

"मंग तू लागली. ते कान टवकारून आयकत राह्यली. मंग पिल्लं घेऊन वळली."

मला रडू फुटत होतं, पण आईपुढे रडायची आमच्या घरात रीत नाही. म्हणून मी विचारलं, "नीट बोलली न मी? आवाज तं नाई कापला?"

"मोह सावलीत वाळवाचा म्हणत होती तू," आई म्हणाली. "सावलीत सडते तो." मग तिने रेडिओ उचलून मांडीवर घेतला. "अन् रडून राह्यली होती तू. वाघिणीले नाई समजलं. मले समजलं."