गच्चीवरची टाकी आणि लघुग्रह

रविवारी सकाळी साडेनऊला चौथ्या मजल्यावरच्या आमच्या गच्चीत आम्ही तिघे होतो: मी, बायको सुनंदा आणि भंगारवाले रशीदभाई. पाण्याची जुनी लोखंडी टाकी विकायची होती. ऐंशी किलो, तीसच्या भावाने दोन हजार चारशे. त्या पैशांत सुनंदाला गच्चीवर भाजीचे वाफे करायचे होते.

रशीदभाईंनी टाकीवर टकटक केली आणि अरुंद जिन्यात डोकावून पाहिलं. "माल चांगला आहे साहेब. पण कापून उतरवण्यातच तीन हजार जातील."

मला सकाळी वाचलेलं आठवलं. पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह पकडून त्यातलं लोखंड, निकेल, पाणी काढायचं म्हणतात. मी ते सांगितलं.

"तिथून उतरवायचं भाडं कोण देणार?" रशीदभाईंनी लगेच विचारलं.

"म्हणून काही जण म्हणतात, उतरवूच नका. वरचं वरच यानांसाठी वापरा."

बोलता बोलता मलाच नवल वाटलं. लोखंड तेच, पाणीही तेच. नुसतं कुठे आहे, यावर त्याची किंमत ठरते. खाली ज्याला कोणी विचारणार नाही, तेच पाणी तिकडे इंधन बनून एखाद्या यानाला घरी परत आणेल.

सुनंदा मात्र टाकीत वाकून बघत होती. "रशीदभाई, वरचा पत्रा तेवढा कापा आणि बुडाला भोकं पाडा. मी हिच्यातच मेथी लावते."

छिन्नीने कापायला तासभर लागला. मजुरी तीनशे. तीन किलो पत्र्याचे नव्वद वजा करून रशीदभाईंना मी दोनशे दहा रुपये दिले.