कमरेच्या दोन गाठी

माझ्या बायकोचा थोरला भाऊ घरोघरी कीटकनाशक फवारण्याचं काम करतो. मुलं त्याला मुंगीमामा म्हणतात. माणूस जिवाला जीव देणारा, पण त्याच्या शेजारी जेवायला बसणं मी टाळतो. बोलता बोलता तो भिंतीवरची मुंगी चिमटीत चिरडतो, बोटं हुंगतो आणि त्याच बोटांनी ताटलीतलं बिस्कीट उचलतो.

यंदा सासूबाई आमच्याकडे अंथरुणाला खिळल्या आणि त्यांच्या टाचेला जखम झाली. एका सकाळी बायकोने पट्टी सोडली आणि तोंडावर हात दाबला. ओलसर कापसातून बारीक पिवळ्या मुंग्या रांगेने निघत होत्या. जखमेच्या कडेला तर पुंजकाच लगडला होता. पाय बधिर असल्याने सासूबाई शांतपणे विचारत होत्या, "चहा झाला का गं?"

पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सने बजावलं, "मुंग्या थांबल्या नाहीत तर जखम चिघळेल. मग पाय वाचायचा नाही."

मुंगीमामा धावत आला. पूर्वी तो भिंगाखाली मुंगीची कंबर बघायचा. छाती आणि पोट जोडणाऱ्या त्या बारीक दांड्यावर गाठ एक की दोन, मिशीचं टोक गदेसारखं जाड आहे का, हे पाहूनच औषध ठरवायचा. हल्ली भिंग पिशवीतच असतं. चालीवरून जात सांगतो, असा त्याचा तोरा. दारातूनच तो म्हणाला, "एका गाठीची आहे. फवारा मारला की खेळ खलास."

"दादा, भिंगातून बघ ना एकदा."

"तुला शेंबूड पुसता येत नव्हता, तेव्हापासून मुंग्या मारतोय मी!"

फवारा मारला. थोडे दिवस बरे गेले. मग विजेच्या बटणांतून, न्हाणीघराच्या फटीतून, सासूबाईंच्या उशीतून मुंग्या निघू लागल्या. माझ्या दात घासायच्या ब्रशमध्येही. आणि पट्टीत पुन्हा त्याच.

भाऊ पुन्हा आला तेव्हा बायकोने त्याच्या पिशवीतून भिंग काढलं, माझ्याच चहाच्या बशीत एक मेलेली मुंगी आडवी ठेवली आणि बराच वेळ बघितलं. "दादा, दोन गाठी आहेत. मिशीच्या टोकाला तीन पेरांची गदा."

त्याने पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. या जातीच्या वारुळात राण्या पुष्कळ. फवारा बसला की त्या फुटून चार ठिकाणी संसार थाटतात. विष मुंग्यांनीच घरी, राण्यांपर्यंत न्यायला हवं. "माझ्याच आईच्या पायात मी त्या वाढवल्या गं," तो म्हणाला.

नर्स जखम धूत असताना टाच त्यानेच धरून ठेवली. भांड्यातल्या पू मिसळलेल्या पाण्यावर मुंग्या तरंगत होत्या. मी गॅलरीत पळालो. मग त्याने भिंतीलगत कलेजीच्या वासाचं, विष कालवलेलं चिकट आमिष लावलं. त्यावर मुंग्यांची झुंबड उडे. मी फडकं उचललं की तो ओरडे, "भाऊजी, पुसू नका! घरी नेतेय ती!" ते किळसवाणं जेवण आम्ही त्या संपेपर्यंत बघत राहिलो.

जखम आता कोरडी आहे, पाय वाचला. मुंगीमामा मात्र कुठल्याही घरी फवारा मारण्याआधी तिथल्या मुंग्या बाटलीतून आमच्याकडे आणतो, बशीत ओततो आणि बहिणीला म्हणतो, "आधी तू गाठी बघ."

बशी तीच. धुऊन ती इतर बशांतच ठेवतात. मी आता चहा पेल्यातून पितो.